मुलांना बंदूक दाखवायची तर आधी उघडून दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकातला शस्त्रप्रदर्शनाचा फोटो बघितला, काल त्यावरची दोन पत्रंही वाचली आणि रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायला बसलेय. फोटोत सहा-सात वर्षांचा मुलगा रायफल खांद्याला लावून उभा आहे, बोट थेट ट्रिगरवर, नळी समोरच्या माणसांकडे, आणि खाली तुम्ही लिहिलंय ‘उद्याचा जवान’. रायफल रिकामीच असणार हे मलाही कळतं. पण ती रिकामी आहे हे त्या मुलाला कोणी उघडून दाखवलं का? की त्याच्या हातात दिली, फोटो काढला आणि पुढच्याला बोलावलं?

कालच्या एका पत्रात म्हटलंय की मुलांच्या नजरेला बंदूक पडताच कामा नये. पत्रलेखकांचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आमच्या गोव्यात सत्तरीत, सांग्यात, काणकोणात ज्यांच्या घरी शेती राखायच्या परवान्याची बंदूक आहे त्यांनी काय करायचं? त्या घरातल्या मुलांना ती दिसतेच. लपवली तर लपवलेली दिसते.

आमच्या घरी बाबांची बारा बोअरची सिंगल बॅरल होती. कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, रानडुकरं आणि माकडं यायची म्हणून परवाना काढलेला. कोठीच्या खोलीत दाराआड ती उभी असायची, वर गोणपाट टाकलेलं, आणि आम्हा मुलांना सक्त ताकीद की त्या कोपऱ्यात जायचं नाही. यापलीकडे कोणी एक शब्द सांगितला नव्हता. इलेक्शन आलं की बंदूक पोलीस स्टेशनवर जमा व्हायची, तेवढे दिवस तो कोपरा मोकळा, आणि बाबा ती परत घेऊन आले की आम्ही सगळी अंगणात बघायला उभी. म्हणजे गुपित कोणापासून होतं?

मी अकरा वर्षांची आणि भाऊ आठचा असताना, चवथीच्या म्हणजे गणपतीच्या दिवसांतली गोष्ट. आत्येची मुलं आलेली, सगळ्यांकडे टिकल्यांची पिस्तुलं, दिवसभर एकमेकांवर ठो ठो करायचं आणि मेल्याचं सोंग करून पडायचं. आदल्या रात्री बाबा डुकरासाठी कुळागरात बसले होते, पाऊस लागला म्हणून भिजून परत आले, बंदूक दाराआड ठेवली आणि तसेच झोपले. एरवी घरात पाय ठेवायच्या आधी काडतूस काढून खिशात घालायचे. त्या रात्री राहिलं. सकाळी भावाच्या टिकल्या संपल्या आणि तो कोठीत गेला. मी त्याला ओढून आणायला म्हणून मागे गेले तर त्यानं बंदूक तांदळाच्या गोणीवर आडवी टेकवलेली, दोन्ही अंगठ्यांनी घोडा मागे ओढत होता, कारण एका हाताला ते जमण्यासारखं नव्हतंच. मी ओरडले तर हसून म्हणाला, “रितीच आसा गो.” त्यानं बाबांना काडतूस काढताना शंभर वेळा लांबून बघितलं होतं, म्हणून घरात आली की बंदूक रितीच असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बार माझ्या डोक्यावरून गेला. छर्रे दाराच्या वरच्या लाकडात बसले, ते घर आहे तोवर तिथेच राहणार. माझ्या कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती. आई नेवऱ्या तळत होती ती हातातला झारा घेऊन तशीच धावत आली, तेल जमिनीवर ठिबकत होतं आणि ती आम्हा दोघांना चाचपत होती, कुठे रक्त आहे ते शोधत. भाऊ रडतसुद्धा नव्हता. मागे बसलेल्या दणक्यानं पडला होता तिथेच बसून होता.

बाबांनी त्याला मारलं नाही. तीन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी आम्हा सगळ्या मुलांना पडवीत बसवलं, बंदूक आणली, नळी खाली दुमडून उघडली आणि अंगणाकडे धरून एकेकाला मागच्या बाजूनं आत बघायला लावलं. नळीतून पलीकडची तुळस दिसत होती, गोल एवढीशी. म्हणाले, “उजेड दिसला तर रिकामी. मी सांगितलं म्हणून रिकामी नाही, आईनं सांगितलं म्हणून नाही. आणि उजेड दिसला तरी माणसाकडे धरायची नाही.” पाच मिनिटांचं काम होतं. ते चवथीआधी झालं असतं तर, हा विचार बाबांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही, मला माहीत आहे.

म्हणून मी बंदी घाला म्हणणाऱ्यांतली नाही. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसला ऑलिंपिकच्या नेमबाजीत 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, कोल्हापूरजवळच्या गावातला मुलगा, तोही शाळकरी वयातच सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. कायद्यानं 21 वर्षांखाली परवाना मिळत नाही, पण 2016 च्या शस्त्र नियमांनी 12 वर्षांवरच्या मुलांना देखरेखीखाली शिकायची मुभा आहे आणि ते बरोबरच आहे. माझी भाची एअर रायफल शिकते, मी तिच्याबरोबर रेंजवर जाऊन बसलेय. पहिले कितीतरी दिवस छर्रा दिलाच नाही, नुसतं उभं राहायचं, श्वास धरायचा, रायफल खाली ठेवायची. आणि रायफल चालवायची नसेल तेव्हा नळीतून आरपार एक नारिंगी दोरी घातलेली, दोन्ही टोकं बाहेर लोंबणारी, म्हणजे दहा पावलांवरून कोणालाही दिसावं की आत काही नाही. ती दोरी बघून मला आमची पडवी आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या प्रदर्शनात अशी एक दोरी तरी होती का?

विषय निघालाच आहे तर अजून एक सांगते, यावर तुमच्याकडे एक ओळ छापून आलेली मी बघितली नाही. माकडं हाकलायला आता पाईपच्या कार्बाइड बंदुका घरोघरी आल्यात आणि त्या वाजवायचं काम मुलांकडे असतं, कारण ‘ती काय खरी बंदूक थोडीच’. कार्बाइडवर पाणी पडलं की गॅस होतो, लायटरचं बटण दाबलं की पेटतो. नाही वाजली तर मूल पाईपला डोळा लावून आत बघतं आणि नेमकी तेव्हाच ती उडते. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात असंच होऊन कितीतरी मुलांचे डोळे भाजले. आमच्या शेजारचा नऊ वर्षांचा मुलगा परवा असाच पाईपात बघत होता, मी धावत जाऊन हातातून ओढून घेतली तर त्याची आई माझ्यावरच रागावली. या बंदुकांना परवाना नाही, वयाची अट नाही, कोणी विचारत नाही. यावर बातमीदार पाठवा, ही माझी हात जोडून विनंती आहे.

आणि त्या फोटोबद्दल. त्या मुलाचा चेहरा तुम्ही पहिल्या पानावर मोठा करून छापलात, आता तो फोटो कापून घरी भिंतीवर लागणार आणि गल्लीतली मुलं तशीच पोझ देणार. पुढच्या वेळी फोटो छापायचाच असेल तर ट्रिगरवर बोट नसलेला, नळी माणसांकडे नसलेला आणि ती नारिंगी दोरी स्पष्ट दिसणारा छापा.

आपली नियमित वाचक,
सत्तरी