तुम्ही माझ्या हातातून फोन घेतलात, त्याबद्दल

मॅम,

तुम्हाला मराठी येत नाही हे मला माहितीये. इंग्रजीत थँक यू कार्ड मी तेव्हाच दिलं होतं, चार ओळींचं. पण आत जे साठलंय ते इंग्रजीत उतरतच नाही, म्हणून दोन वर्षांनी माझ्या भाषेत लिहायला बसलेय. निदान आपल्या लोकांना तरी कळू दे की टेक्सासच्या कोपऱ्यातल्या एका काउंटीत, फार्म सर्व्हिस एजन्सीच्या, म्हणजे शेतकऱ्यांना मदत देणाऱ्या सरकारी खात्याच्या ऑफिसात, एक बाई बसते आणि ती कशी आहे.

26 फेब्रुवारी 2024 ला पॅनहँडलमध्ये, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाला, स्मोकहाऊस क्रीकची आग लागली. दहा लाख एकरांच्या वर जळालं, टेक्सासच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग. वारा असा सुटला होता की एका टेकडीवर ज्वाळा दिसेपर्यंत दुसरी पेटलेली असायची. घर वाचलं आमचं, का वाचलं ते देवाला ठाऊक. तिसऱ्या दिवशी बर्फ पडला. काळ्या रानावर पातळ पांढरा थर आणि त्यात उभ्या आमच्या गायी, कास भाजलेली, खुरं सुटायला आलेली, वासरू प्यायला आलं की लाथ मारायच्या बिचाऱ्या कारण सडाला काही लागलेलं सहन होत नव्हतं. 63 गायी गेल्या, त्यातल्या काही नवऱ्याला स्वतःच्या हाताने गोळी घालून सोडवाव्या लागल्या. त्याबद्दल तो आजही बोलत नाही, मीही विचारत नाही.

त्या आठवड्यात आधी विम्यावाल्यांना फोन केला होता. पलीकडचा माणूस म्हणाला की मेलेली जनावरं तुमचीच कशावरून? हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. वर्षानुवर्षं हप्ते घेताना गायी कोणाच्या असा प्रश्न कधी पडला नव्हता त्यांना. कुंपण तर म्हणे पॉलिसीत बसतच नाही.

म्हणून तुमच्याकडे आलो तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच आले होते. सोबत सासरे, 74 वर्षांचे, हॅट मांडीवर धरून गप्प बसलेले. तुम्ही म्हणालात की मेलेल्या जनावरांचा पुरावा लागेल, फोटो चालतील. फोटो होते माझ्या फोनमध्ये, मीच काढले होते एकेक करून, कानातला टॅग दिसेल असे. पण ते उघडून एकेक दाखवायचे म्हटल्यावर माझं बोट चालेना. सासऱ्यांची नजर स्क्रीनवर गेली आणि त्यांनी मान खाली घातली.

तुम्ही टेबलाला वळसा घालून आलात, माझ्या हातातून फोन काढून घेतलात आणि म्हणालात, "तू नको बघूस हनी, मी बघते." मग खुर्ची भिंतीकडे फिरवलीत, आमच्याकडे पाठ करून, म्हणजे स्क्रीन आम्हाला दिसणार नाही. पिवळ्या पॅडवर पेन्सिलीने एकेक टॅग नंबर लिहीत गेलात. टॅग वितळलेला असेल तिथे फक्त रंग विचारायचात, "पाठ लाल होती का काळी?", आणि सासरे डोळे मिटून नंबर सांगायचे, त्यांना सगळे पाठ होते. पाऊण तास तरी गेला असेल. मध्ये एकदा तुम्ही चष्मा काढून पुसलात, आम्हाला कळू न देता, पण मला कळलं.

आणि फोन परत दिलात तेव्हा स्क्रीनवर मेलेली गाय नव्हती. तुम्ही मागे मागे जाऊन आगीच्या आदल्या दिवशीचा फोटो लावून ठेवला होता, 214 नंबरची गाय नुकतं जन्मलेलं वासरू चाटतेय. हे कुठल्या फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं हो. हे कोणी शिकवतही नाही.

माझं माहेर आटपाडीकडचं. 2012-13 च्या दुष्काळात वडील दोन खिल्लार बैल घेऊन चारा छावणीसाठी नाव नोंदवायला गेले होते. आधी सांगितलं जनावरं घेऊन या, बारा किलोमीटर चालत नेली तर म्हणाले जागा संपली, आणि हे सांगताना त्या माणसाने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पैसे नसतील, जागा नसेल, समजू शकतो, पण माणसाकडे बघायला काय पैसे पडतात? तेव्हापासून सरकारी ऑफिस म्हटलं की माझ्या पोटात गोळाच यायचा. तो तुमच्या ऑफिसात गेला.

मदत मिळाली, हो. गायींच्या सरासरी बाजारभावाच्या 75 टक्के आले, कुंपणाच्या खर्चातलेही तेवढे, आणि मैलामैलांच्या काटेरी तारा नव्याने ओढायच्या म्हणजे काय खर्च असतो हे ज्याने ओढल्यात त्यालाच कळतं. शेजारच्या टेबलावरच्या एनआरसीएसवाल्या (माती-पाणी जपायचं सरकारी खातं) साहेबांनी जळालेल्या रानात गुरं न सोडण्याचे, गवताला विसावा देण्याचेही पैसे मिळवून दिले. सासऱ्यांना ते फार पटलं. त्यांच्या वडिलांनी लहानपणी 14 एप्रिल 1935 चं काळं वादळ इथेच बघितलं होतं, माती आभाळात गेलेली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला आणि आज जी एनआरसीएस आहे ती त्यातूनच उभी राहिली. जमीन उघडी टाकली तर काय होतं हे या घराला सांगावं लागत नाही. पण खरं सांगू, चेक आला त्या दिवसापेक्षा मला तो पाऊण तासच जास्त आठवतो.

पहिला चेक आल्यावर मी बेसनाचे लाडू घेऊन आले होते. तुम्ही घाबरून विचारलंत की हे वीस डॉलरच्या वरचं नाहीये ना, नियम आहे आम्हाला. मग आठवड्याने डबा परत दिलात तो धुऊन, आणि आत तुमच्या झाडाचे पेकान, अक्रोडासारखे असतात ते, सोललेले. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे?

214 नंतर जगली नाही, ते तुम्हाला माहितीये, तिचाही नंबर तुम्हीच लिहिलात. वासराला मी बाटलीने वाढवलं. परवा पहाटे तीच कालवड व्यायली, नव्या कुंपणाच्या कडेला, पहिलटकरीण असून कोणाचा हात लागला नाही. तिलाही कालवडच झालीये. फोटो पाठवलाय तुमच्या ऑफिसच्या मेलवर, बघाल.

तुमची,
लाडूवाली