‘कल’ या शब्दाखालची रेघ

आदरणीय काका,

परवा मी दादाला फोन केला. चार वर्षांनी. तुमचे आभार घरी येऊन मानता आले असते, पण ते सगळ्यांसमोर मानावेसे वाटले.

माझी वचनांची वही तुम्ही वाचायला नेलीत. आयुष्य, राजकारण, माणसाचा स्वभाव, सगळ्यांवरची चटकदार वाक्यं मी त्यात उतरवली होती. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘सत्ता भ्रष्ट करते’. दादा निवडून आला त्याच आठवड्यात लिहिलेलं. त्यानं काही गैर केलं होतं का? मी विचारलंही नाही. तीन शब्दांच्या जोरावर बोलणं सोडलं.

ही वही त्याआधी कितीतरी जणांनी चाळली होती. भाषणांसाठी वाक्यं उतरवून नेली, ‘असंच सडेतोड हवं’ म्हणून पाठ थोपटली. दादाचं आणि माझं काय झालंय हे त्यांना ठाऊक होतं. तरी एकानंही थांबवलं नाही, याचा मला अजून राग येतो.

तुम्ही वही परत दिलीत, बोलला काहीच नाहीत. घरी उघडली, तर माझ्या वाक्याखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात होतं: ‘सत्तेचा कल भ्रष्ट करण्याकडे असतो. लॉर्ड ॲक्टन, बिशप क्रेटन यांना पत्र, १८८७.’ माझं वाक्य खोडलं नव्हतंत. ‘कल’खाली फक्त एक रेघ.

त्या रेघेकडे मी किती वेळ बघत बसलो! कल म्हणजे उतार. उतारावर माणूस पाय रोवून उभा राहू शकतो, पण त्याला कुणाचा तरी हात लागतो. मी पहिल्याच दिवशी हात काढून घेतला होता. अनिर्बंध सत्तेला मात्र इतिहासकार ॲक्टननी ही सवलत दिलेली नाही, ती पूर्णपणे भ्रष्ट करते असंच म्हटलंय, हेही तुम्ही पुढे लिहिलंत. माझ्या समाधानासाठी वाक्य बोथट केलं नाहीत.

फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरच्या नावावर मी लिहिलेलं मतस्वातंत्र्याचं वाक्य, ‘तुमचं मत मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणानं लढेन’, हे खरं तर त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या एव्हलिन बिअट्रिस हॉल यांचं, १९०६ सालचं. तिथंही त्यांचं नाव पेन्सिलीनंच. गेलेल्या बाईंचं श्रेय त्यांना पोचतं करायचं आणि माझ्यासारख्या जिवंत माणसाची चूक त्याचा मान राखून दाखवायची! असा चांगुलपणा मी फार थोड्यांत पाहिला.

दादा फोनवर आधी गप्प होता. मग म्हणाला, “रविवारी ये.” जातोय. वही बरोबर नेतोय, तुमच्या अक्षरासकट.

तुमचा ऋणी