क्राउन-पिनियन बदलायला सांगणाऱ्या काकांस

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

शेजारच्या तुमच्या मुलाकडून तुम्ही पुण्याला परतलात आणि इकडे कॅम्पिंगचा मोसम सुरू झाला. फोनवर आभार मानायला गेलो, तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय पावसावर नेलात. म्हणून आता लिहूनच मानतो, तेही चारचौघांत. डेन्व्हरच्या आसपास कॅम्पर ओढणारी मराठी घरं आता बरीच आहेत, त्यांच्याही कामी येईल.

आम्ही नवा, मोठा पिकअप घ्यायला निघालो होतो, हे तुम्ही पाहिलंच. जुना तसा दणकट, ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. पण मागे सहा हजार पौंडांचा कॅम्पर (चाकांवरची राहायची खोली) लावून डोंगरात चढणाऱ्या आय-७० महामार्गावर जॉर्जटाउन ओलांडलं की रडकुंडीला यायचा. आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते. बोगदा येईस्तोवर जवळजवळ एक तृतीयांश गेलेली असते. त्यात गिअरबॉक्सची सारखी उलघाल आणि ट्रान्समिशन ऑइलच्या तापमानाचा काटा वर वर. घरात सगळ्यांचं मत एकच, इंजिन कमी पडतंय.

तुम्ही इंजिनाबद्दल विचारलंच नाहीत. चहा पिता पिता म्हणालात, "मागे क्राउन-पिनियन कितीचं आहे?" दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये उमेदीची सगळी वर्षं काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच सुचणार. क्राउन-पिनियन म्हणजे अॅक्सलमधली चाकं फिरवणारी दातेरी जोडी. ते निघालं ३.०८ चं, म्हणजे पिनियनचे ३.०८ फेरे झाले की चाकाचा एक. रिकाम्या गाडीला महामार्गावर पेट्रोल कमी लागावं म्हणून दिलेलं. तुमचं म्हणणं, ३.७३ चं टाक, म्हणजे पिनियनला ११ दात आणि क्राउनला ४१. त्याच गिअरमध्ये चाकाला २१ टक्के जास्त जोर.

मी लगेच हुरळलो, तेव्हा तुम्ही मला जे थांबवलंत, त्याचे आभार सगळ्यात जास्त. "अरे, ताकद वाढत नाही. इंजिन देतंय तेवढंच देणार. गिअर कुठे पडतात, ते बदलतं." मग लाइट बिलाच्या पाकिटावर आकडेमोड केलीत. जुन्या सेटवर दुसऱ्या गिअरचा एकूण रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) ७.२८, तिसऱ्याचा ४.७२. ताशी ५५ मैलांना दुसऱ्यात इंजिन मिनिटाला सव्वाचार हजार फेऱ्यांवर किंचाळणार, तिसऱ्यात पावणेतीन हजारांवर गुदमरणार, आणि चढ नेमका मधलं काहीतरी मागणार. गिअरबॉक्स दोन्हीकडे धावत होता तो यामुळे. ३.७३ लावलं की तिसरा येतो ५.७१ वर, बरोबर त्या फटीत. ते पाकीट अजून फ्रिजवर आहे.

पुढचंही क्राउन-पिनियन बदलायला लागेल म्हणालात, तेव्हा खर्च ऐकून माझा चेहरा पडला होता. पण गाडी फोर-बाय-फोर. पुढे ३.०८ आणि मागे ३.७३ ठेवून चारही चाकांना जोर दिला, तर पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा मधला ट्रान्सफर केस स्वतःशीच भांडत बसणार. दोन्ही सेट, बेअरिंग, मजुरी मिळून अडीच हजार डॉलरच्या आसपास गेले. नव्या पिकअपच्या हप्त्यांपुढे तो आकडा लिहायलाही लाज वाटते.

आता गॅरेजमधला दिवस. इथे गिऱ्हाइकाने काचेपलीकडे कॉफी पीत बसायचं असतं. तुम्ही सरळ लिफ्टखाली जाऊन उभे राहिलात. त्या तरुण मेकॅनिकने क्राउनच्या दातांना पिवळा रंग लावला, फिरवून पाहिलं, डायल गेजवर बॅकलॅश, म्हणजे दातांमधला मोकळा प्ले, आठ थाउ (इंचाचा हजारावा भाग). पाहिजे सहा ते दहा, म्हणजे कागदावर सगळं ठीक. तुम्ही चष्मा वर सरकवलात आणि मला म्हणालात, "प्ले बरोबर आहे, पण ठसा दाताच्या बुडाशी पडतोय. पिनियन आत गेलंय. मागची शिम, ती पातळ चकती, कमी करायला सांग, नाहीतर महिन्यात ऊं करायला लागेल." मी भाषांतर करेपर्यंत तुम्ही बोटाने दाताचं मूळ आणि माथा दाखवून मोकळे झाला होतात. त्यानेही मान डोलावली. पिनियन परत बाहेर काढणं म्हणजे काय काम असतं, ते त्या दिवशी पाहिलं. बेअरिंग प्रेसवर काढायचं, शिम बदलायची, बेअरिंगमधली चेपणारी नळी, क्रश स्लीव्ह, नवीन, कारण ती एकदा दाबली की पुन्हा वापरता येत नाही. मग बाजूच्या शिम बदलून बॅकलॅश पुन्हा जुळवायचा. ठसा दाताच्या मधोमध आला, तेव्हा तो पोरगा तुम्हाला "सर" म्हणाला. तुम्ही त्याला "शाब्बास" म्हणालात, आणि त्याला ते कळलं.

गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवा रेशो भरून घेतला. तो भरला नसता तर खऱ्या ६५ ला स्पीडोमीटरने ७९ दाखवले असते. पहिले पाचशे मैल कॅम्पर लावायचा नाही, सुरुवातीला थोडं चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची, हे तुम्ही विमानतळावरही बजावलंत.

आता बोगद्यापर्यंत गाडी बहुतेक तिसऱ्यातच चढते. वेग फार वाढलेला नाही, ट्रकांच्याच रांगेत असतो, पण तेलाचा काटा जागेवर राहतो. बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडचा सात टक्क्यांचा उतार आहे ना, तिथे इंजिन ब्रेकिंग जास्त मिळतं आणि पायाखालचा ब्रेक कमी लागतो. रिकाम्या गाडीला पेट्रोल थोडं जास्त जातं. आणि तुमची तंबी पाळतोय. कंपनीने ओढण्याचं जे वजन लिहून दिलंय, ते क्राउन-पिनियन बदलून वाढत नाही. ब्रेक, चासी, कॅम्पर जोडायचा हिच सगळं तेच आहे. शेजाऱ्याची बोट ओढायला नकार दिला, तो याच मुद्द्यावर.

पाचशे मैल झाल्यावर दोन्ही हौसिंगचं तेल बदललं. मागच्या हौसिंगमधल्या चुंबकावर करडा, लोण्यासारखा गाळ होता. बोटांत चोळून पाहिला, कण लागला नाही. फोटो तुमच्या मुलाच्या फोनवरून पाठवलाय. जरा मोठा करून बघा आणि ठीक आहे की नाही ते कळवा. काकूंना नमस्कार.

आपला,
मुलाचा शेजारी