शांतता समितीच्या बैठकीला संवाद म्हणू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती, ईद, दसरा जवळ आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. टेबलामागे अधिकारी, समोर खुर्च्यांच्या रांगा. प्रत्येक समाजातले ठरलेले चार प्रतिष्ठित उठून 'आमच्याकडून पूर्ण सहकार्य राहील' असे सांगतात, चहा होतो, फोटो निघतो. मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ ठरवायला ही बैठक लागतेच. पण १७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात दंगल उसळली आणि शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली, त्यानंतर 'समाजासमाजांत संवाद हवा' असे म्हणताना लोकांच्या डोळ्यांसमोर अशीच बैठक असते. तो संवाद नव्हे.

भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ पासून तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांचे मर्म असे की त्या तणाव नसतानाच्या काळात बसल्या होत्या. माणसे एकमेकांना ओळखत होती, म्हणून अफवा आली तेव्हा विचारायला कोणीतरी होते.

वस्तीत अशी बैठक सुरू करायची तर माणसे मोजून घ्यावी. बारा ते चौदा. वीसच्या वर गेले की भाषणे सुरू होतात. गळती धरून सोळांना बोलवावे. एखाद्या समाजाचा एकच माणूस कधीही बोलावू नये. चौदांत एकटाच मुस्लीम किंवा एकटाच बौद्ध असला की त्याला अख्ख्या समाजाचा वकील केले जाते: 'तुमच्यात असं का असतं हो?' किमान तिघे हवेत, आणि त्या तिघांचे आपसात पटत नसेल तर फारच उत्तम. स्त्रिया निम्म्या असाव्यात, पण नुसता आकडा पुरत नाही. पुरुषांनंतर पाळी आली तर 'यांनी सांगितलं तेच' म्हणून त्या बसतात. म्हणून फेरी त्यांच्यापासून सुरू करावी आणि नवरा-बायकोला एकाच बैठकीत घेऊ नये.

जागा ही सगळ्यात अवघड गोष्ट. देवळाचा सभामंडप, विहार, मशिदीलगतचा हॉल, सोसायटीचे क्लब हाऊस, प्रत्येक जागेला कोणीतरी यजमान असतो आणि बाकीचे पाहुणे होतात. पाहुणा खरे बोलत नाही. शाळेचा वर्ग किंवा वाचनालय बरे. भिंत मोकळी ठेवावी. कोणाच्या प्रतिमेला हार घालायचा यावरच पहिले भांडण होते, आणि दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक यांत पाऊण तास जातो तो वेगळाच. माईक नको. खुर्च्या गोल मांडाव्यात. उन्हाळ्यात कूलर लावला की पलीकडच्या माणसाचे ऐकू येत नाही, मग आवाज चढतात आणि चढलेला आवाज राग वाटतो. एप्रिल ते जूनमध्ये मगरिबची नमाज आटोपल्यावर, पावणेआठच्या सुमारास गच्चीवर बसावे. एरवी रविवारी दुपारी तीन ते साडेचार: सकाळची वंदना, चर्चची प्रार्थना आणि स्वयंपाकघर, तिन्ही आटोपलेले असते. खाण्याला चहा आणि चिवडा पुरे. शिरखुर्मा आणि पुरणपोळीची देवाणघेवाण आपल्याला उत्तम जमते, पण ती झाली की विषय झाला असे समजून लोक घरी जातात.

प्रश्न कसा विचारता यावर निम्मी बैठक ठरते. 'आरक्षण असावे की नसावे' हा कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेचा विषय झाला. त्यावर प्रत्येकाचे भाषण पाठ असते. त्याऐवजी 'घर भाड्याने देताना आपण काय विचारतो?' असे विचारा. 'पूर्ण नाव काय?' आणि 'मूळचे कुठले?' हे दोन प्रश्न आपण किती सहज विचारतो आणि उत्तर देणाऱ्याला ते किती जड जातात, हे पंधरा मिनिटांत समोर येते. विषयांना या शहरात तोटा नाही. १९२५ मध्ये विजयादशमीला संघाची स्थापना इथेच झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा इथेच घेतली. दर दसऱ्याला संघाची माणसे रेशीमबागेत आणि आंबेडकरी माणसे दीक्षाभूमीवर जमतात, आणि एकीकडच्या माणसाला दुसरीकडचे जे कळते ते बहुधा दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून. रोष ओरडून मोकळा करायला आपल्याकडे मारबत आहे, बडगे आहेत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुका. ऐकून घेण्याचा असा सण नाही.

वेळ नव्वद मिनिटे. पहिल्या फेरीत प्रत्येकाने दोन मिनिटे, फक्त स्वतःवर आलेला प्रसंग सांगायचा. मत नाही, 'आपला समाज' हा शब्दही नाही. चौदा जणांचा अर्धा तास होतो. मग वीस मिनिटे नुसते प्रश्न. 'पण तुम्हीच तर…' याने सुरू होणारा प्रश्न सूत्रधाराने तिथेच थांबवावा. त्यानंतर अर्धा तास मतभेद, त्याला एकच अट: खोडायच्या आधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल असे मांडून दाखवायचे. आपल्या जुन्या शास्त्रार्थातला पूर्वपक्ष तो हाच. लोक इथेच अडतात. तीन-तीनदा मांडूनही समोरचा 'मी असं म्हटलंच नाही' म्हणतो, आणि भांडण नेमके कशावर होते ते पहिल्यांदा दोघांना कळते. शेवटची दहा मिनिटे प्रत्येकाचे एक वाक्य. सूत्रधार दोन असावेत, वेगवेगळ्या समाजांतले. एक बैठक चालवील, दुसरा घड्याळ आणि गप्प बसलेली माणसे पाहील.

भाषा ज्याची त्याने ठेवावी. हे शहर १९५६ पर्यंत मराठी-हिंदी द्विभाषक प्रांताची राजधानी होते. त्या सवयीने एक जण हिंदीत बोलला की सगळेच हिंदीवर येतात, आणि ज्या बाईला मराठीतच मनातले सांगता येते ती गप्प होते. समजते सगळ्यांना, मग बोलताना बदल कशाला?

मोबाईलवरची माहिती हमखास येते, लोकसंख्येची तर येतेच. तिथे वाद घालू नये. दावा फळ्यावर लिहावा आणि परस्परविरोधी मतांच्या दोघांनी तो मिळून पुढच्या वेळेपर्यंत तपासून आणावा. जनगणनेचा आकडा असेल तर तो २०११ चा आहे की कोणी रचलेला, एवढे तरी कळते. रेकॉर्डिंग कोणीही करायचे नाही. एक क्लिप बाहेर गेली की ती बैठक संपली.

तीच माणसे महिन्यातून एकदा, निदान सहा वेळा बसावीत. पहिल्या बैठकीत सगळे 'आपण सारे एकच' म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्यात खटके उडतात आणि आयोजक घाबरून बंद करतात. खरे काम तिथून पुढे असते.

काही ठिकाणी मात्र बैठक नकोच. दगडफेक ताजी असताना नको. तेव्हा काम पोलिसांचे आहे. जातपंचायतीने कुणाला वाळीत टाकले असेल तर त्याला गोलात बसवून 'तुमची बाजू सांगा' म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात २०१६ चा कायदा आहे, तिथे तक्रारच करावी.

महापालिकेने आपली समाजभवने आणि वाचनालये महिन्यातला एक रविवार, दोन तास, नाममात्र शुल्कात अशा बैठकांना द्यावीत, नगरसेवकाच्या हस्ते उद्घाटनाची अट न घालता. आणि आपल्या दैनिकाला विनंती: बैठकांची वेळ व जागा जरूर छापावी, छायाचित्रकार मात्र पाठवू नये.

आपले,
संवाद बैठका चालवणारे काही सूत्रधार, नागपूर