खालच्या ढगांचा हिशेब

महोदय,

हवामानबदलाच्या बातम्यांत हिमनद्या येतात, समुद्रपातळी येते. समुद्रावर पसरलेले खालचे ढग मात्र क्वचितच. हे स्तरपुंज ढग पृथ्वीचा सुमारे पाचवा हिस्सा झाकतात आणि सूर्यप्रकाश अवकाशात परतवून तिला थंड ठेवतात. ते थोडे जरी विरळ झाले, तरी तापमानवाढीला जोर येतो.

पण ते खरोखर विरळ होत आहेत का, हे नुसत्या छायाचित्रांवरून ठरत नाही. ढगांची जागतिक उपग्रह-नोंद १९८३ पासूनची. मधल्या काळात उपग्रह बदलले, काहींच्या कक्षा सरकल्या; वरचे ढग खालच्यांना झाकतात ते वेगळेच. यातून खोटा कल दिसू शकतो. एल निनोच्या वर्षी तर सगळेच आकडे हलतात. सांख्यिकी प्रारूपे इथे कामी येतात. समुद्रपृष्ठाचे तापमान, ढगांवरच्या उबदार थराची मजबुती यांचा वाटा वेगळा काढून उरलेला बदल किती आणि त्याची खात्री किती, हे ती सांगतात. मला खात्रीचा आकडा अधिक मोलाचा वाटतो. तोच बहुधा बातमीतून गळतो. आपल्या विज्ञान पानावर कल छापताना त्याची अनिश्चितताही छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक