हप्त्याच्या रकान्याशेजारी खोलीभाड्याचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्वस्त आरोग्य विम्यावरचा लेख काल दुपारी वाचला. तो रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून हे पत्र. दहा पॉलिसींचा तक्ता, हप्त्याच्या चढत्या क्रमाने लावलेला, आणि सगळ्यात स्वस्त पॉलिसीला हिरवी चौकट. अशीच चौकट डोळ्यांपुढे ठेवून आम्ही 2020 च्या डिसेंबरमध्ये पॉलिसी घेतली होती. विमा तीन लाखांचा. दुसऱ्या एका पॉलिसीपेक्षा हिचा हप्ता वर्षाला 2,300 रुपयांनी कमी होता. एजंट माझाच जुना विद्यार्थी. "बाई, कव्हर दोन्हीकडे तेवढंच आहे, मग जास्त पैसे कशाला भरता?" असे तो मनापासून म्हणाला. मी तीस वर्षे गणित शिकवले आहे. मलाही ते पटले.

2023 च्या ऑगस्टमध्ये एका रात्री दोन वाजता यजमानांच्या पोटात कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे, शिवाय जंतुसंसर्ग. हा आजार पहिली दोन वर्षे विम्यात बसत नाही, पण ती मुदत आमची संपलेली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. काउंटरवरच्या मुलीने सांगितले की जनरल वॉर्ड आणि दोन खाटांच्या खोल्या भरलेल्या आहेत, सिंगल रूम आहे, दिवसाला सहा हजार. आमच्या पॉलिसीत खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजार, एवढे मला माहीत होते. वरचे तीन हजार आपण भरू, पाच दिवसांचे पंधरा हजार होतील, असा हिशेब मी उभ्या उभ्या केला आणि सही केली.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत बिल विभागाबाहेर बसून होतो. एकूण बिल झाले 2,09,000. खोली 30,000. सर्जन, भूलतज्ज्ञ, थिएटर, नर्सिंग मिळून 1,20,000. औषधे आणि तपासण्या 50,000. हातमोजे, मास्क वगैरे 9,000. कंपनीची मंजुरी आली 1,00,000 ची. मला वाटले टाइप करताना चूक झाली असेल. टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेच्या, माणसाने समजावले, "मॅडम, खोली लिमिटच्या दुप्पट घेतलीत ना, मग सगळंच अर्धं होतं." खोली अर्धी, ऑपरेशन अर्धे, औषधेसुद्धा अर्धी. उरलेले 1,09,000 भरायला मुलाने दुसऱ्या दिवशीच्या तारखेचा चेक दिला आणि सकाळी बँक उघडताच आम्ही मुदत ठेव मोडली.

ही प्रमाणात कपात म्हणजे काय, ते तुमच्या लेखात एका ओळीतही नाही. हॉस्पिटलात डॉक्टरांची फी आणि थिएटरचा खर्च खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून कंपनी त्याच प्रमाणात रक्कम कापते. यामागचे कारण मला समजते. पण रात्री दोन वाजता खोली निवडताना माणूस नुसती खोली निवडत नसतो, तो सगळ्या बिलाचा दर ठरवत असतो. ते त्याला पॉलिसी घेतानाच कळायला हवे.

घरी आल्यावर मी पॉलिसीची सगळी पाने वाचून काढली. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांच्यावर अशी कपात करता येत नाही, हे विमा नियामकाने 2020 मध्येच स्पष्ट केले आहे आणि आमच्या पॉलिसीच्या व्याख्यांतही ते होते. आयसीयूच्या खर्चावरही ती चालत नाही. खोलीप्रमाणे दर न बदलणाऱ्या हॉस्पिटलात तर ती लावताच येत नाही. मी कंपनीला चार पत्रे लिहिली. दोन महिन्यांनी औषध-तपासण्यांचे कापलेले 25,000 परत आले. ज्यांना ही पाने वाचता येत नाहीत त्यांचे पैसे कोण परत आणणार, हा विचार तेव्हापासून मनातून जात नाही.

आता बेरीज करा. आमच्या खिशातून गेले 84,000. त्यातले हातमोज्यांचे नऊ हजार दुसऱ्या पॉलिसीतही बहुधा गेलेच असते, ते सोडून देऊ. राहिले 75,000. ती दुसरी पॉलिसी, जिला खोलीभाड्याची मर्यादा नव्हती, न घेऊन तीन वर्षांत आम्ही वाचवले 6,900. आणि बिल विमा रकमेच्या बरेच आत होते. म्हणजे तीन लाखांचे कव्हर दोन्हीकडे सारखे नव्हतेच.

लेखात दाव्यांच्या मंजुरीची टक्केवारी दिली आहे, तिच्याबद्दलही सांगते. ती किती दावे मंजूर झाले त्याची असते, मागितलेल्या रकमेपैकी किती दिली त्याची नसते. आमचा दावा कंपनीच्या दप्तरी मंजूर म्हणूनच जमा झालेला असणार.

सगळ्यात राग आला तो "दरवर्षी स्वस्त पॉलिसी शोधा आणि बदला" या सल्ल्याचा. रीतसर पोर्ट केले, म्हणजे चालू पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली, तर पूर्ण केलेली प्रतीक्षा मुदत (आजार विम्यात बसेपर्यंतचा काळ) सोबत येते, पण नवी कंपनी नकार देऊ शकते. साठीतल्या मधुमेही माणसाला तर ती बारकाईने तपासते. आणि कोणी पोर्ट न करता नुसती नवी पॉलिसी घेतली, तर आधीच्या आजारांची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. नियामकाने 2024 मध्ये तिची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, तरी तीन वर्षे थोडी नव्हेत. हे न सांगता असा सल्ला छापणे घातक आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हापासून जो तो हप्त्याविषयीच बोलतो आहे. तुम्ही तरी पुढचे बोला.

तक्ता पुन्हा छापणार असाल तर हप्त्याशेजारी खोलीभाड्याची मर्यादा छापा. को-पे, म्हणजे दाव्यातला आपण भरायचा हिस्सा, किती, मोतीबिंदूसारख्या ऑपरेशनला वेगळी मर्यादा आहे का, तेही द्या. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच अटींवर मिळणाऱ्या पॉलिसीत एका डोळ्याला विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000, यातली कमी असेल ती रक्कम मिळते. हे आमच्या शेजारीणबाईंना लेन्स निवडून झाल्यावर कळले. प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक मिळते, ते मागितले तर मराठीत द्यावे लागते, हेही लिहा. पॉलिसी हाती आल्यावर न पटल्यास 30 दिवसांत परत करता येते. ते पत्रक त्या 30 दिवसांतच वाचायला हवे.

जाता जाता आणखी एक. मंगळवारचे वाचकांच्या प्रश्नांचे सदर तुम्ही गेल्या वर्षी बंद केलेत. विमा लोकपालांकडे, म्हणजे कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, वकील लागत नाही आणि फीही नसते, हे मला त्याच सदरात कळले होते. कंपनीला लिहिलेल्या चौथ्या पत्रात लोकपालांचे नाव घातल्यावरच आमचे पैसे हलले. ते सदर कृपया पुन्हा सुरू करा.

बिलाची, मंजुरीपत्राची आणि माझ्या चार पत्रांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. नावे झाकून हवी तेवढी छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड