टोपीसकट माप घेणाऱ्या मिस्त्रीदादांना

मिस्त्रीदादा,
सप्रेम नमस्कार.

हिशेब चुकता झाला, पण आभार राहून गेले. ते चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे जिन्यावर जिना. वरची लॉबी ऐसपैस दिसावी म्हणून आधीच्या कंत्राटदारानं गच्चीचा जिना पुढे ओढला आणि त्याचा बीम खालून चढणाऱ्याच्या थेट कपाळावर आला. पायरीच्या कडेपासून बीमपर्यंत जेमतेम साडेपाच फूट! आबांना टाके पडले तेव्हा त्याला फोन केला, तर म्हणाला, "वाकून चढायची सवय लावा." ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकत चढणाऱ्या माणसाला! दुसऱ्यानं बीमला स्पंज चिकटवायचा सल्ला दिला आणि व्हिजिटचे पैसे घेतले. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 जिन्याखालच्या वाटेला किमान 2.2 मीटर उंची सांगते. हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, यावर माझा विश्वास नाही. अजून संताप होतो.

तुम्ही आलात. माप म्हटल्यावर आबा टोपी काढायला लागले. तुम्ही त्यांचा हात धरलात. "राहू द्या आबा, टोपीसकट माप घेऊ. रोज चढता तसं चढा." मग त्यांच्या मागे एकेक पायरी चढत, ओळंबा धरून भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा करत गेलात. ते दम घ्यायला थांबले की तुम्हीही थांबलात. टाके पडल्यापासून आबा स्वतःच्याच घरात अवघडून वावरायचे, जणू त्यांची उंचीच गुन्हा होती. त्या दिवशी त्यांची मान ताठ झाली, मी पाहिलं.

वरचा जिना एक पायरी मागे सरकला की खाली सुमारे 7 इंच मोकळे होतात, हेही तुम्ही आम्हाला नाही, आबांना कागदावर रेघा मारून समजावलंत. तीन पायऱ्या मागे घेऊन लोखंडी जिना बसवलात, सव्वासात फूट मिळाले. इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय जुन्या बीमला छिन्नी लावू दिली नाहीत.

हातात कसब असलेले पुष्कळ भेटतात, दादा. ज्याच्यासाठी काम करायचं त्याचा मान राखणारे फार थोडे. तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला फार चांगलं घडवलंय.

शेजारी आता वरचा मजला बांधताहेत. त्यांना तुमचाच नंबर दिलाय, आणि स्लॅब टाकायच्या आधी बोलवा असं आबांनी स्वतः जाऊन बजावलंय.

आपली,
आबांची धाकटी सून